खडबडीत कवच, तपासणीविना फेकलेले पाणी: इम्प्लांटशी निगडित लिम्फोमाची पार्श्वभूमी

बीआयए-एएलसीएल, म्हणजे स्तनाच्या इम्प्लांटशी निगडित अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा, हा स्तनाचा कर्करोग नाही, तर रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा कर्करोग (लिम्फोमा) आहे. इम्प्लांट बसवले की शरीर त्याभोवती तंतूंचे वेष्टण तयार करते. त्याला कॅप्सूल म्हणतात. हा आजार त्या कॅप्सूलच्या आतल्या बाजूला आणि तिथे साचलेल्या पाण्यात, टी-पेशी या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून सुरू होतो. त्यामुळे मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी त्यावरून हा आजार नाही असे म्हणता येत नाही.

कहाणी सुरू होते कवचापासून. ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी 1962 साली पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले. त्यानंतर वर्षानुवर्षे शल्यविशारदांना सर्वांत जास्त छळले ते कॅप्सूल आकसण्याने. वेष्टण घट्ट होत जाते, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पॉलियुरेथेन फोम चढवलेल्या इम्प्लांटमध्ये हा त्रास कमी दिसला, म्हणून 1980च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनचे कवचच खडबडीत करण्याच्या पद्धती आल्या.

त्यातली बायोसेल ही पद्धत पुढे वादाच्या केंद्रस्थानी आली. ओल्या, न पिकलेल्या सिलिकॉनवर मिठाचे खडे दाबायचे, वर सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा, भट्टीत पिकवायचे आणि मग मीठ धुऊन-घासून काढायचे. मागे उरतात साधारण 0.6 ते 0.8 मिलिमीटर रुंदीची उघडी छिद्रे. ऊती त्यांत शिरून धरून बसते आणि इम्प्लांट जागचे हलत नाही. अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटला हे फारच सोयीचे होते, कारण ते फिरले तर स्तनाचा आकारच बदलतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात खडबडीत इम्प्लांट रूढ झाली. अमेरिकेत मात्र गुळगुळीतच जास्त वापरली गेली.

1997 साली कीच आणि क्रीच या डॉक्टरांनी सलाईन (मिठाचे पाणी भरलेल्या) इम्प्लांटलगत आढळलेल्या अशा लिम्फोमाची पहिली नोंद प्रसिद्ध केली. एका रुग्णावरून कोणी निष्कर्ष काढत नाही आणि ते योग्यच होते. 2008 साली नेदरलँड्समधील अभ्यासात स्तनातील एएलसीएलचे 11 रुग्ण सापडले, त्यांतल्या 5 जणींना इम्प्लांट होते. तुलनेसाठी घेतलेल्या गटाशी ताडून पाहता इम्प्लांट असलेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे 18 पट निघाली. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) पहिल्यांदा जाहीर सूचना दिली, तेव्हा जगभरातले ज्ञात रुग्ण 60च्या आसपास होते.

इतका उशीर का झाला? आजार विरळ, आणि कुणाला कोणते इम्प्लांट बसवले याच्या नोंदी अपुऱ्या, ही कारणे खरीच आहेत. पण माझ्या मते मोठे कारण होते ते साचलेले पाणी. हा आजार बहुधा 8 ते 10 वर्षांनी दिसतो आणि तोही एका बाजूचा स्तन अचानक सुजून. अशा वेळी जंतुसंसर्ग किंवा मार लागल्याचे निदान व्हायचे. सुईने पाणी काढायचे, प्रतिजैविके द्यायची, आणि नमुना कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) गेला तर गेला, नाहीतर फेकून दिला जायचा. कल्चरमध्ये जंतू दिसतात, लिम्फोमा दिसत नाही.

आता पद्धत स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर पाणी साचले, तर सोनोग्राफीच्या आधाराने ते काढायचे आणि शक्य असेल तर किमान 50 मिली पॅथॉलॉजीला पाठवायचे. चिठ्ठीवर ‘इम्प्लांट आहे, बीआयए-एएलसीएलची शंका’ असे लिहायलाच हवे. नुसते ‘द्रवाची सायटोलॉजी’ (पेशींची तपासणी) लिहिले तर सीडी30 हे पेशींवरचे प्रथिन ओळखणारा रंगलेप लावला जाईलच असे नाही. या आजारात मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी सीडी30 पॉझिटिव्ह आणि एएलके या दुसऱ्या प्रथिनासाठी निगेटिव्ह असतात. जोडीला फ्लो सायटोमेट्री (यंत्राने पेशींचे प्रकार मोजणारी तपासणी) करतात. मात्र सीडी30 पॉझिटिव्ह पेशी तुरळक असणे म्हणजे निदान नव्हे, साध्या दाहातही त्या दिसतात. निदान पक्के झाल्यावर आजार किती पसरला हे पाहायला पेट-सीटी स्कॅन, आणि मग इम्प्लांट व संपूर्ण कॅप्सूल अखंड काढणे. आजार कॅप्सूलपुरता असेल तर बहुतेक जणी एवढ्यावरच बऱ्या होतात. कॅप्सूलचा तुकडा मागे राहिला तर आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो. पसरलेल्या आजारात ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन (सीडी30 असलेल्या पेशींना लक्ष्य करणारे औषध) किंवा केमोथेरपी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली या आजाराला तात्पुरता स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान दिले. डिसेंबर 2018 मध्ये बायोसेल इम्प्लांट बनवणाऱ्या अ‍ॅलर्गनच्या खडबडीत इम्प्लांटचे युरोपातील सीई प्रमाणपत्र (तिथे विक्रीसाठी लागणारे) संपले, एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने जास्त खडबडीत आणि पॉलियुरेथेनचे इम्प्लांट बंद केले. 24 जुलै 2019 रोजी एफडीएने बायोसेल परत घ्यायला सांगितले आणि कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. तेव्हा एफडीएकडे 573 रुग्ण आणि 33 मृत्यूंची नोंद होती. 573 पैकी 481 जणींना निदानाच्या वेळी अ‍ॅलर्गनचे इम्प्लांट होते. जून 2023पर्यंत नोंदी 1,264 आणि मृत्यू 63 झाले.

खडबडीतपणा नेमका काय घडवतो, यावर एकमत नाही. छिद्रांतली जंतूंची चिवट बायोफिल्म (चिकटून राहणारा थर), सततचे घर्षण आणि दाह, सुटणारे सिलिकॉनचे कण, यांत जेएके-स्टॅट या पेशींच्या वाढीचे संकेत देणाऱ्या मार्गातल्या जनुकीय बदलांची भर, असे मांडले जाते. बायोफिल्मच्या सिद्धांताला पुढच्या अभ्यासांनी सारखा दुजोरा दिला नाही.

ज्यांच्या अंगात आज बायोसेल आहे आणि त्रास नाही, त्यांनी ते लगेच काढावे असे एफडीए सांगत नाही. शस्त्रक्रियेची स्वतःची जोखीम आहे. पण इम्प्लांट कार्ड (कोणते इम्प्लांट बसवले याची नोंद असलेले) जपून ठेवावे, आणि आधीची इम्प्लांट बदललेली असतील तर त्यांचीही माहिती. गुळगुळीत इम्प्लांटमध्ये आजार आढळला म्हणून नोंदवलेल्या कित्येक रुग्णांत पूर्वीचे इम्प्लांट खडबडीत होते, किंवा पूर्वी काय बसवले होते याची नोंदच सापडली नाही.