स्पेकल ट्रॅकिंग इकोकार्डिओग्राफी

हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोमध्ये, हृदयाच्या भिंती एकसारख्या करड्या दिसत नाहीत. त्यांवर बारीक दाणेदार ठिपके असतात. हे ठिपके एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले याचा संगणकाने माग काढायचा आणि त्यावरून हृदयाचा स्नायू किती आखडला, किती जाड झाला, किती पिळला गेला हे मोजायचे, या पद्धतीला स्पेकल ट्रॅकिंग इकोकार्डिओग्राफी म्हणतात. निलयांचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या दोन कप्प्यांचे (जवनिकांचे), कार्य तपासणे हा तिचा मुख्य उपयोग. त्यातही डाव्या निलयाचे. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, वेगळे औषध किंवा किरणोत्सर्गही लागत नाही. नेहमीच्या टू-डी इकोची चित्रफीत पुरते, फक्त ती नीट काढलेली असावी लागते. पद्धतीचे बहुतेक यशापयश या ‘फक्त’वरच ठरते.

यातून मिळणाऱ्या मापाला स्ट्रेन म्हणतात. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘विकृती’ हा प्रतिशब्द आहे आणि तिथे तो चपखल बसतो. पण ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवर ‘विकृती २० टक्के’ असे छापले तर घरात काय गोंधळ उडेल ते सांगायला नको. म्हणून येथे स्ट्रेन हाच शब्द ठेवला आहे.

ठिपके येतात कुठून

मोठ्या माणसांच्या इकोत वापरल्या जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीची वारंवारता साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झ असते. शरीरातील ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, म्हणजे २.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.६ मिलिमीटरच्या आसपास येते. हृदयस्नायूची एक पेशी जेमतेम ०.१ मिलिमीटर लांबीची. इतक्या लहान गोष्टी या ध्वनीला सुट्या सुट्या टिपता येत नाहीत. त्यांच्यावर आदळून तो चहूकडे विखुरतो. विखुरलेल्या असंख्य लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना शून्य करतात, आणि त्यातून उजळ व काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. तेव्हा पडद्यावरचा एखादा ठिपका म्हणजे कोणतीही पेशी नव्हे, तंतूही नव्हे. प्रतिमेच्या दृष्टीने तो गोंगाटच आहे, आणि तो पुसून चित्र गुळगुळीत करण्याच्या युक्त्याही भरपूर आहेत.

पण या गोंगाटात एक गुण आहे. स्नायूच्या प्रत्येक तुकड्याची नक्षी वेगळी असते आणि तुकडा हलला की ती त्याच्याबरोबर हलते. सॉफ्टवेअर काही पिक्सेलांचा एक चौकोन उचलते आणि पुढच्या फ्रेममध्ये, आसपासच्या मर्यादित जागेत, त्याच्याशी सर्वांत जास्त जुळणारा चौकोन शोधते. तो सापडला की पुढची फ्रेम.

फ्रेमचा वेग इथे कळीचा ठरतो. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक ठोका ०.८ सेकंदाचा. सेकंदाला ६० फ्रेम घेतल्या तर एका ठोक्याच्या ४८ फ्रेम मिळतात. त्यांपैकी आकुंचनाच्या वाट्याला १८-२० येतात. तेवढ्या वेळात डाव्या निलयाचा तळ, म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेल्या मिट्रल झडपेचे कडे, टोकाच्या दिशेने १२ ते १५ मिलिमीटर सरकते. एका फ्रेममागे सरासरी पाऊण मिलिमीटर. एवढी झेप सॉफ्टवेअरला पकडता येते. वेग २० फ्रेमवर आणला तर तीच झेप दोन मिलिमीटरच्या वर जाते, शिवाय मधल्या काळात नक्षीही थोडी बदललेली असते, आणि माग तुटतो. वेग फार वाढवला तर चित्रातील ध्वनिरेषा विरळ होतात आणि ठिपकेच अस्पष्ट होतात. म्हणून सहसा सेकंदाला ५० ते ८० फ्रेम ठेवतात. ठोके जलद असतील तर जास्त.

याआधी स्ट्रेन टिश्यू डॉप्लरने, म्हणजे परतणाऱ्या ध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून स्नायूचा वेग मोजून, काढत. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी १९९८ मध्ये ती वाट दाखवली. डॉप्लरला मात्र फक्त ध्वनिशलाकेच्या रेषेतली हालचाल कळते. भिंत तिरकी असली की आकडा चुकतो. ठिपक्यांचा माग चित्राच्या प्रतलात कोणत्याही दिशेने काढता येतो. द्विमिती चित्रांतील ठिपक्यांवरून स्ट्रेन मोजल्याचे सुरुवातीचे शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

उणे वीस म्हणजे काय

स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबीत झालेला बदल, टक्क्यांत मांडलेला. प्रसरणाच्या शेवटी भिंतीवरची एखादी रेघ ९ सेंटिमीटर असेल आणि आकुंचनाच्या शेवटी ७.२ झाली, तर बदल उणे १.८ सेंटिमीटर, म्हणजे स्ट्रेन −२० टक्के. लांबी घटते म्हणून चिन्ह उणे. चांगला आकुंचन पावणारा स्नायू −२२ दाखवतो आणि थकलेला −१२. यामुळे ‘स्ट्रेन वाढला’ की ‘घटला’ यावर रिपोर्टांत कायम घोळ होतो. उणे चिन्ह बाजूला ठेवून ‘सुधारला’ किंवा ‘खालावला’ असे लिहिणे सर्वांत सोयीचे.

हृदयस्नायूचे तंतू भिंतीत एकाच दिशेने धावत नाहीत. आतल्या थरात ते तळापासून टोकाकडे एका बाजूने तिरके उतरतात, मधल्या थरात पोकळीला वेढा घालतात आणि बाहेरच्या थरात विरुद्ध बाजूने तिरके जातात. त्यामुळे निलय आकुंचन पावताना लांबीत आखडते, घेरात आवळते, भिंत आतल्या दिशेने जाड होते, आणि शिवाय पिळलेही जाते. टोकाकडून पाहिले तर टोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते आणि तळ काट्यांच्या दिशेने, ओले कापड दोन हातांनी पिळावे तसे. ही पीळ उलगडताना निलय रक्त आत ओढते. पिळाचे मापन संशोधनात मोलाचे असले तरी रोजच्या तपासणीत रुळले नाही, कारण टोकाचा आडवा छेद दर वेळी नेमक्या त्याच जागी घेणे कठीण जाते.

व्यवहारात टिकून राहिला तो लांबीच्या दिशेचा स्ट्रेन. सर्व भिंतींचा मिळून काढलेला ग्लोबल लाँगिट्युडिनल स्ट्रेन, अर्थात जीएलएस. निरोगी प्रौढांत तो −२० टक्क्यांच्या आसपास असतो. −१८ पेक्षा चांगला आकडा सहसा सामान्य धरतात, −१६ पेक्षा वाईट आकडा असामान्य. मधला पट्टा सीमेवरचा.

ईएफ असताना हे कशाला

इको करून आलेला माणूस ‘पंपिंग ६० टक्के आहे’ असे सांगतो तेव्हा तो इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ सांगत असतो. निलयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडले याचा तो आकडा. पण तो पोकळी किती रिकामी झाली ते सांगतो. स्नायूने त्यासाठी काय केले ते सांगत नाही.

निलय अंडाकृती धरले तर त्याचे आकारमान ढोबळमानाने लांबी गुणिले घेराचा वर्ग या प्रमाणात बदलते. लांबी २० टक्क्यांनी आणि आतला घेर २३ टक्क्यांनी घटला, तर उरलेले आकारमान ०.८० × ०.७७ × ०.७७, म्हणजे ०.४७. ईएफ ५३ टक्के. आता आजारामुळे लांबीचे आकुंचन १४ टक्क्यांवर घसरले आणि घेराने जरा जोर लावून २६ टक्के गाठले, तर ०.८६ × ०.७४ × ०.७४, पुन्हा ०.४७. ईएफ तेच ५३! लांबीचे आकुंचन जवळपास एक तृतीयांशाने गेले आणि ईएफला त्याची गंधवार्ता नाही, कारण घेराचा वर्ग होतो आणि लांबीचा होत नाही.

हा निव्वळ गणिताचा खेळ नाही. लांबीच्या आकुंचनात मोठा वाटा असलेला आतला थर रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो, आणि उच्च रक्तदाब, मधुमेह, महाधमनीच्या झडपेचा अरुंदपणा यांत तोच आधी मार खातो. भिंत जाड आणि पोकळी लहान असलेल्या हृदयात ईएफ ६० टक्के असूनही जीएलएस −१४ आढळतो. ईएफ शाबूत असलेल्या हृदयनिष्क्रियतेत आकुंचन खरोखर शाबूत नसते, हे अशा मोजमापांतूनच ठळक झाले.

तपासणी प्रत्यक्षात

रुग्ण डाव्या कुशीवर, ईसीजीच्या तारा जोडलेल्या, श्वास क्षणभर रोखलेला. हृदयाच्या टोकावरून तीन चित्रफिती घेतात: चार कप्पे, दोन कप्पे, आणि महाधमनीची झडप दाखवणारा लांब छेद. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचे ध्वनी सोडणारे उपकरण, नेमका टोकावर नसेल तर निलय आखूड दिसते आणि पुढचे सगळे मोजमाप फसवे होते. महाधमनीची झडप बंद होण्याचा क्षण ठरवून घ्यावा लागतो, कारण आकुंचनाचा शेवट तिथे मानतात. तो काही फ्रेम इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो.

मग मिट्रल कड्याची दोन टोके आणि निलयाचे टोक अशा तीन खुणा केल्या की सॉफ्टवेअर भिंतीवर पट्टा आखते. इथे घाई करू नये. पट्टा बाहेरच्या बाजूला हृदयावरणात घुसला तर ते फारसे हलत नसल्याने स्ट्रेन खोटाच कमी येतो. आत पोकळीतल्या पॅपिलरी स्नायूवर चढला तरी घोळ. पट्टा आखून झाल्यावर चित्रफीत चालवून डोळ्यांनी पाहायचे की पट्टा भिंतीबरोबर चालतो आहे की एकाच जागी थरथरतो आहे. सॉफ्टवेअर मात्र उदार असते. जिथे ठिपके दिसतच नाहीत तिथेही शेजारच्या भागांवरून अंदाज बांधून ते गोड गुळगुळीत वक्ररेषा काढून देते आणि ‘ट्रॅकिंग ठीक’ अशी खूणही करते. अशी खूण अंतिम मानू नये. डोळ्यांना न पटलेला भाग बाद करावा.

निकाल येतो तो भागवार वक्ररेषा आणि एका गोल नकाशाच्या रूपात. या नकाशाला बुल्स आय म्हणतात. निलय टोकाकडून उघडून सपाट पसरले आहे असे समजायचे, टोक मध्यभागी, तळ कडेला. गडद लाल म्हणजे चांगले आकुंचन, फिका गुलाबी म्हणजे कमी, निळा म्हणजे तो भाग आखडण्याऐवजी ताणला जातो आहे.

कुठे उपयोगी पडते

कर्करोगावरील काही औषधे, विशेषतः अँथ्रासायक्लिन गटातील, हृदयस्नायूला इजा करतात. ईएफ घसरेपर्यंत थांबले तर उशीर होऊ शकतो. म्हणून उपचाराआधी जीएलएस नोंदवून ठेवतात आणि पुढे त्याच्याशी तुलना करतात. मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. हे १५ टक्के सापेक्ष असतात हे विसरले की अनर्थ होतो: −२१ वरून −१७.५ आला तर घट ३.५, आणि ३.५ म्हणजे २१ चे साधारण १७ टक्के, म्हणजे मर्यादेपलीकडे. त्याच काळात ईएफ ६२ वरून ५८ झाला असेल तर तेवढा फरक मापनातल्या चुकीतही बसतो. आधीची नोंदच नसेल तर तुलना कशाशी करणार, म्हणून पहिल्या औषधाआधीचा इको महत्त्वाचा.

अमायलॉइडोसिसमध्ये स्नायूत प्रथिनांचा थर साचतो आणि भिंत जाड होते. जाड भिंत उच्च रक्तदाबातही असते, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या स्नायू जाड होण्याच्या आजारातही. पण अमायलॉइडमध्ये तळ आणि मध्यभाग फिके पडून टोक तेवढे लाल राहते. हा नकाशा एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. टोकाच्या भागांची सरासरी ही तळ आणि मध्य यांच्या सरासरींच्या बेरजेपेक्षा जास्त भरली तर संशय बळावतो. तरी हा पुरावा नव्हे, इशारा आहे. निदानासाठी रक्त-लघवीतील लाइट चेन (प्रतिपिंडांचे प्रथिन-तुकडे), हाडांचा स्कॅन किंवा बायोप्सी लागतेच. रक्तपुरवठा कमी पडलेला भाग झडप बंद झाल्यानंतरही आखडत राहतो, तेही वक्ररेषेत दिसते.

उजवे निलय

उजव्या निलयाचा आकार चंद्रकोरीसारखा, डाव्याला गुंडाळलेला. भूमितीच्या सूत्रात तो बसत नाही, म्हणून द्विमिती इकोत त्याचा ईएफ भरवशाने काढता येत नाही. पूर्वीपासून ट्रायकस्पिड कड्याची, म्हणजे या निलयाच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या कड्याची, सरक मोजतात, १७ मिलिमीटरपेक्षा कमी ती असामान्य. पण ते एकाच बिंदूचे माप. या निलयाचे आकुंचन मुख्यतः लांबीच्याच दिशेचे असल्याने स्ट्रेन इथे विशेष शोभतो. बाहेरच्या मोकळ्या भिंतीच्या तीन भागांची सरासरी घेतात आणि ती −२० टक्क्यांपेक्षा वाईट असेल तर बहुधा असामान्य मानतात. मधला पडदा हिशेबात घेतला तर आकडा कमी भरतो, आणि पडदा दोन्ही निलयांचा सामाईक असल्याने तो दोष नेमका कोणाचा हेही कळत नाही. भिंत जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीची, तेव्हा पट्टा अरुंद ठेवावा लागतो. फुप्फुसांच्या धमन्यांतील उच्च दाबात हे मोजमाप रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा चांगला अंदाज देते.

आकडा किती मानावा

स्ट्रेन भारावर अवलंबून असतो. तपासणीच्या वेळी रक्तदाब १८० असेल तर निरोगी स्नायूही कमी आखडेल. म्हणून रिपोर्टवर रक्तदाब लिहिलेला असावा. तो नसेल तर दोन तपासण्यांची तुलना अर्धवट राहते. यावर उपाय म्हणून ऑस्लो येथील गटाने २०१२ मध्ये बाहूवर मोजलेला दाब आणि स्ट्रेन एकत्र करून स्नायूच्या कामाचा आलेख काढण्याची पद्धत मांडली. ती आता काही यंत्रांत उपलब्ध आहे.

वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच हृदयाला थोडे वेगळे आकडे देतात. अमेरिकन व युरोपीय इको संघटना आणि यंत्रनिर्माते यांनी एकत्र बसून २०१५ मध्ये सामाईक व्याख्या प्रसिद्ध केल्या, त्यानंतर जीएलएसमधील तफावत बरीच आटोक्यात आली. एकेका भागाच्या स्ट्रेनबाबत तसे म्हणता येत नाही. एका रुग्णाचा पाठपुरावा शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच सॉफ्टवेअरवर करावा. अलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, लय बिघडलेली असेल तर प्रत्येक ठोका वेगळ्या लांबीचा असतो. तिथे अनेक ठोक्यांची सरासरी काढावी लागते.

द्विमिती छेदात आणखी एक अडचण आहे: पिळताना ठिपके छेदाच्या प्रतलाबाहेर निघून जातात. त्रिमिती ट्रॅकिंगने ती सुटते, पण संपूर्ण आकारमान टिपताना वेग बराच खाली येतो आणि ठिपकेही भरड होतात, म्हणून रोजच्या कामात अजून द्विमितीच चालते.