पार्श्वभूमी : लिनक्सवर मेसेजिंग ॲप कोणत्या वाटेने येते

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या लहान कार्यालयात एका संगणकावर डेबियन, दुसऱ्यावर उबंटू आणि तिसऱ्यावर फेडोरा, अशी लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीची वेगवेगळी वितरणे (डिस्ट्रो) असणे नवलाचे नाही. परंतु तिन्हींवर एकच मेसेजिंग ॲप बसवायचे म्हटले की अडचणी सुरू होतात. त्यांचे मूळ १९९० च्या दशकात आहे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनने डेब पॅकेजची, म्हणजे ॲप बसवण्यासाठी तयार बांधलेल्या गठ्ठ्याची, पद्धत रुजवली, रेड हॅट या लिनक्स कंपनीने आरपीएम हा वेगळा पॅकेज-प्रकार आणला (फेडोरा तोच वापरते), आणि प्रत्येक डिस्ट्रोची माणसे मूळ कोड आपल्या लायब्रऱ्यांशी (अनेक ॲप मिळून वापरतात त्या सामायिक कोडशी) जुळवून, स्वतः बांधून, स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीनिशी वापरकर्त्यांना देऊ लागली. ही शिस्त मोलाची होती व आजही आहे. १९९९ मध्ये आलेल्या जॅबरसारख्या खुल्या प्रोटोकॉलवर (संदेशांच्या देवाणघेवाणीच्या नियमांवर) चालणारे ॲप डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुने झाले, तरी संदेश जात-येत राहत.

पुढच्या पिढीची ॲप मात्र एका जागी थांबत नाहीत. सिग्नलने २०१७ मध्ये क्रोमवर अवलंबून नसलेले डेस्कटॉप ॲप दिले. ते इलेक्ट्रॉन या वेब-तंत्रावर ॲप बनवण्याच्या चौकटीवर उभे असल्याने क्रोमियम या ब्राउझरचा मोठा भाग सोबत घेऊनच येते, आणि त्याची जुनी आवृत्ती ठरावीक मुदतीनंतर काम करणे थांबवते. त्यामुळे दोन-दोन वर्षे पॅकेज गोठवून ठेवणाऱ्या डिस्ट्रोच्या चौकटीत ते बसणे कठीणच होते. सिग्नलने स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी (डेब पॅकेजांचे ऑनलाइन भांडार) उघडली, पण ती डेबियन, उबंटू अशा डेबियनच्या कुळापुरती. फेडोरा वापरणाऱ्यांना समुदायाने बांधलेल्या पॅकेजांचा आधार घ्यावा लागला. टेलिग्रामने तयार बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) संकेतस्थळावर ठेवली आणि कोड खुला असल्याने डेबियननेही ती स्वतंत्रपणे बांधली. व्हॉट्सॲपने लिनक्ससाठी अधिकृत ॲप दिलेच नाही, म्हणून तिथे ब्राउझर हीच वाट.

एकच पॅकेज सर्वत्र चालावे, हा विचार २००४ च्या क्लिक (klik) या प्रकल्पापासून होता व त्यातूनच पुढे ॲपइमेज आले. २०१६ मध्ये उबंटू १६.०४ सोबत स्नॅप आले आणि त्याच वर्षी एक्सडीजी-ॲप या तशाच दुसऱ्या पद्धतीचे नाव फ्लॅटपॅक झाले. दोन्हींत आवश्यक लायब्रऱ्या डिस्ट्रोकडून न घेता वेगळ्या पुरवल्या जातात. जागा अधिक लागते, पण डिस्ट्रोनिहाय बांधणी टळते. स्नॅपचे दुकान उबंटू बनवणाऱ्या एकट्या कॅनॉनिकल कंपनीच्या हाती आहे, ही बाब अनेकांना खटकते आणि ते रास्तच आहे. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या दुकानात पॅकेज कोणीही सादर करू शकत असल्याने, ते मूळ निर्मात्यांचेच आहे हे दाखवणारी पडताळणीची खूण २०२३ मध्ये सुरू झाली. ज्या ॲपमधून खासगी संभाषण जाते, त्याच्याबाबत ही खूण बसवण्याआधीच पाहावी लागते.