अतिसंवाहकतेवर पीएच.डी.: कागद, लॅपटॉप आणि एक हट्टी समीकरण

मिरजेत एमआरआयसाठी नंबर लावून बसलेल्या माणसाला त्या भल्यामोठ्या नळकांड्यात काय आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं असतं, द्रव हेलियममध्ये बुडवलेलं, उणे 269 अंश सेल्सिअसला. एकदा प्रवाह सोडून तारेची टोकं जोडली की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. चुंबकाला वीजबिल नाही. बिल येतं ते वेटोळं थंड ठेवण्याचं.

विजेला जराही अडथळा न होण्याचा हा प्रकार म्हणजे अतिसंवाहकता. तो 1911 मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात दिसला. असं का होतं, ते कळायला 1957 उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी तो सिद्धांत मांडला, तेव्हा श्रीफर पीएच.डी.चे विद्यार्थी होते. सातारा-सांगलीच्या कॉलेजात द्रव हेलियम मिळणं अवघडच. पण सैद्धांतिक कामाची पहिली पायरी लॅपटॉपवर चढता येते.

इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. तरी धातूतून एक इलेक्ट्रॉन गेला की आजूबाजूचे धन आयन किंचित त्याच्याकडे सरकतात. आयन जड, त्यांना परतायला वेळ लागतो. तेवढ्यात तिथे साचलेला धनभार दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ओढतो. ही झाली कूपर जोडी. चित्रात ती हातात हात घातलेली काढतात, ते फसवं आहे. ॲल्युमिनियममध्ये जोडीतलं अंतर मायक्रोमीटरच्या वर जातं आणि मधल्या जागेत दुसऱ्या लाखो जोड्या असतात. लोणंद-फलटण रस्त्यावरची दिंडी आठवा: जोडीदार शेकडो वारकऱ्यांपलीकडे असला तरी पावली एकच. एकट्याने ठेका मोडायचा तर किमान काही ऊर्जा मोजावी लागते, तिला ‘गॅप’ म्हणतात. उपमा मात्र इथेच सोडावी. दिंडीला ठेका पखवाज देतो. इलेक्ट्रॉनांचा ठेका सगळे मिळून ठरवतात. म्हणून गॅपच्या समीकरणात गॅप दोन्ही बाजूंना येते आणि ते अंदाज-सुधारणा-पुन्हा अंदाज असंच सोडवावं लागतं.

प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा होतो. ऊर्जा डिबाय ऊर्जेच्या (आयनांच्या कंपनांची सर्वांत मोठी ऊर्जा) एककात मोजा आणि आकर्षणाची ताकद, म्हणजे लॅम्डा, 0.3 घ्या. शून्य तापमानाला गॅप 0.0714 यायला हवी, क्रांतिक तापमान (ज्याच्या वर अतिसंवाहकता नाहीशी होते) त्याच एककात सुमारे 0.0404, आणि गॅपच्या दुपटीला त्या तापमानाने भागलं की 3.53. हे आकडे आले नाहीत तर पुढे जाऊ नये.

चुका ठरलेल्या असतात. पहिला अंदाज शून्य दिला तर उत्तर शून्यच राहतं, कारण शून्य हेही समीकरणाचं उत्तर आहे. इंटिग्रलची पायरी 0.1 ठेवली तर ती गॅपपेक्षाच मोठी झाली. फलन नेमकं जिथे चढतं तो भाग निसटतो. 0.001 ठेवा. सगळ्यात चकवणारी चूक क्रांतिक तापमानाजवळ होते. तिथे प्रत्येक फेरीत गॅप इतकी हळू बदलते की ‘फरक अगदी कमी झाला’ म्हणून प्रोग्राम मध्येच थांबतो आणि जिथे गॅप नाही तिथेही दाखवतो. एकदा मोठ्या आणि एकदा छोट्या अंदाजापासून सुरुवात करा. दोन्ही एकाच आकड्यावर आले तरच खरं.

आता लॅम्डा 0.3 चा 0.2 करा. क्रांतिक तापमान पाचपटीहून जास्त घसरतं. नव्या पदार्थाचं क्रांतिक तापमान आधीच सांगणं इतकं अवघड का, त्याचं मोठं कारण हेच: क्रांतिक तापमानाच्या सूत्रात लॅम्डा घातांकात बसतो.

पण नवं संशोधन बहुतेक या समीकरणाच्या पलीकडे चालतं. 1986 मध्ये बेडनोर्त्स आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियम-बेरियमच्या ऑक्साइडने 93 केल्विन गाठलं, म्हणजे द्रव नायट्रोजनचं 77 केल्विन ओलांडलं. इथे इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण इतकं जबर आहे की आयनांच्या ओढीचा हिशेब पुरत नाही. त्यासाठी हबार्ड मॉडेल वापरतात. दिसायला ते अगदी साधं: जाळीच्या घरांत इलेक्ट्रॉन उड्या मारतात आणि एका घरात दोघे आले की दंड भरतात. पण 16 घरांत 8 वर-स्पिन आणि 8 खाली-स्पिन इलेक्ट्रॉन (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा दोनच दिशा असलेला गुण) बसवायच्या रचना 16,56,36,900 होतात. नुसती एक स्थिती साठवायला 1.3 जीबी लागतात. घरं 20 केली की तोच आकडा 273 जीबी. चारच घरं वाढली आणि पसारा दोनशे पट! घरं वाढवायला क्वांटम माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढायची पद्धत वापरावी, तर बहुतेक ठिकाणी अधिक-उणे संख्या एकमेकींना खोडतात आणि तापमान उतरवलं की उत्तर गोंगाटात बुडतं.

म्हणून गाइड निवडताना ‘विषय कोणता’ यापेक्षा ‘पद्धत कोणती’ हे आधी विचारावं. चार-पाच वर्षं विद्यार्थी पद्धतीसोबत राहतो. पदार्थ बदलत राहतात.

प्रवेशाचं थोडक्यात: सीएसआयआर नेट-जेआरएफ, गेट आणि जेस्ट या परीक्षा, मुंबईच्या टीआयएफआरची स्वतंत्र परीक्षा. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000. घरभाडे भत्ता वेगळा. पुण्याची आयसर, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था आणि चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था यांच्या संकेतस्थळांवर कोण कोणत्या पद्धतीने काम करतं ते पाहता येतं.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ‘अतिसंवाहकतेचा आढावा’ लिहिण्यापेक्षा दोन प्रोग्राम करावेत: वरचं गॅप समीकरण आणि हबार्डची दोन घरं. दुसऱ्याचं उत्तर हातानेही निघतं. उडीची ऊर्जा 1, दंड 8 आणि दोन इलेक्ट्रॉन घेतले तर सर्वांत खालची ऊर्जा उणे 0.472. उणे 2 आलं, तर दंडाची ओळ लिहायची राहिली आहे.