गुगलवर तुमची जाहिरात दिसत नाही? आधी हे वाचा
आमच्या सांगली-मिरजेतल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हळदीचा सीझन सुरू झाला की मार्केट यार्डातून ठरलेला फोन येतो: "जाहिरात चालू आहे म्हणता, पण मी शोधलं तर दिसत नाही." बजेट संपलेलं नसतं, जाहिरातही बंद नसते. बऱ्याचदा कारण पेढीतल्या कॉम्प्युटरवरच असतं. व्हिडिओमधल्या जाहिरातींना कंटाळून घरातल्या कुणीतरी क्रोममध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), म्हणजे अ‍ॅडब्लॉकर टाकलेला असतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडे लाल ढाल किंवा लाल अष्टकोनात हाताचा पंजा दिसतो का, ते बघा. चिन्ह दिसत नसेल तर एक्स्टेन्शनची यादी उघडून बघा.

हा अ‍ॅडब्लॉकर करतो काय?

त्याच्याकडे याद्या असतात. 'ईझीलिस्ट' ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. कोणत्या पत्त्यावरून आलेला मजकूर अडवायचा आणि पानावरचा कोणता भाग झाकायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. बातम्यांच्या साइटवरच्या जाहिराती दुसऱ्याच सर्व्हरवरून येतात, म्हणून त्या वाटेतच अडवता येतात. गुगल सर्चची जाहिरात मात्र निकालांबरोबर त्याच पानात येते. ती अडवता येत नाही, म्हणून झाकली जाते. तुमची ओळ कॉम्प्युटरपर्यंत पोचलेली असते, पण डोळ्यांना पहिला दिसतो तो खालचा साधा निकाल.

यात तुमचे पैसे जात नाहीत. सर्चच्या जाहिरातीचे पैसे क्लिकवर लागतात, आणि न दिसलेल्या जाहिरातीवर कुणी क्लिक करत नाही.

दुसरा प्रकार जास्त त्रासदायक आहे. काही जण मोबाईलच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या सेटिंगमध्ये) किंवा घरच्या राउटरवरच जाहिराती अडवणारी सेवा लावतात. त्यांना तुमची जाहिरात दिसते, ते बोटही लावतात, पण पान उघडत नाही. जाहिरातीवरचा क्लिक आधी गुगलच्या जाहिरात सर्व्हरवरून जातो आणि तोच पत्ता तिथे बंद केलेला असतो. समोरच्याला वाटतं, या पेढीची वेबसाइटच बंद पडली आहे. "तुमची साइट चालत नाही" असं कुणी सांगितलं, तर त्याला जाहिरातीखालच्या साध्या निकालावरून यायला सांगा.

खरा घोटाळा मोजणीत होतो

आमचं मुख्य सांगणं हेच आहे. तुमच्या साइटवर चौकशीचा फॉर्म भरला गेला की गुगलला कळवणारा एक छोटा कोड असतो. बहुतेक अ‍ॅडब्लॉकर तो कोड अडवतात. चौकशी तुमच्यापर्यंत येते, पण अहवालात तिची नोंद होत नाही.

समजा, राजापुरी हळदीची जाहिरात आहे. घरासाठी दोन-पाच किलो मागणारे बहुतेक मोबाईलवरून येतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजणी बरीचशी बरोबर होते. इंदूर किंवा दिल्लीचा घाऊक व्यापारी मात्र ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून भाव काढतो, आणि अ‍ॅडब्लॉकर सापडतो तो जास्त करून तिथेच. एखाद्याकडे फक्त मोजणी अडवणारं सेटिंग असतं. त्याला जाहिरात दिसते, तो येतो, फॉर्म भरतो, आणि अहवालात कॉम्प्युटरच्या रकान्यात शून्य राहतं. मग मालक म्हणतात, "कॉम्प्युटरवरची जाहिरात बंद करा, नुसता खर्च आहे." कृपया घाई करू नका. ट्रकभर माल उचलणारं गिऱ्हाईक त्याच शून्यात असू शकतं. बोली (एका क्लिकसाठी किती पैसे मोजायचे ते) आपोआप ठरवण्याचं काम गुगलवर सोपवलं असेल, तर त्याचं यंत्रही याच अर्धवट आकड्यांवरून शिकतं आणि पैसा किरकोळीकडे वळवतं.

म्हणून फोनजवळ एक वही ठेवा. नवी चौकशी आली की "आमचा नंबर कुठून मिळाला?" एवढं विचारा आणि तारीख, गाव, माल लिहून ठेवा. महिनाअखेरीस ती वही आणि गुगलचा अहवाल शेजारी ठेवून आम्ही तुमच्यासोबत बसतो. बजेटचा निर्णय त्यानंतरच.

आम्ही काय करत नाही

साइटवर "अ‍ॅडब्लॉकर बंद करा, मगच आत या" अशी पाटी आम्ही लावत नाही. लोक अ‍ॅडब्लॉकर वापरतात त्याला कारण आहे. सर्चमध्ये नामांकित कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती देऊन लोकांना फसवलं जातं, म्हणून अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला होता. अडवलेली मोजणी आडवाटेने चालू ठेवायच्या युक्त्याही बाजारात विकल्या जातात. ज्याने माग काढू नका म्हणून सांगितलं, त्याचा गुपचूप माग काढणं आम्हाला पटत नाही.

क्रोमने अलीकडे जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली, त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शनही गेलं. पण त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, आणि फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. हा प्रश्न मिटला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

साइटवरचे फोटो तपासा

बेदाण्याच्या ऑफरचा फोटो 'अ‍ॅड-बॅनर' अशा नावाने चढवला, किंवा 'अ‍ॅड्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला, तर अ‍ॅडब्लॉकर तुमच्याच साइटवरचा तुमचाच फोटो अडवू शकतो. फाइलला मालाचं नाव द्या. काही याद्या व्हॉट्सअ‍ॅपचं तरंगतं बटणही झाकतात, म्हणून फोन नंबर पानावर साध्या अक्षरांत असू द्या.

जाहिरात दिसते का, हे कसं बघायचं?

स्वतःची जाहिरात गुगलवर पुन्हा पुन्हा शोधू नका. दिसली आणि क्लिक झालं नाही, की क्लिकचं प्रमाण घसरतं. गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात जाहिरातीचा प्रीव्ह्यू बघायची सोय आहे; तिथे गाव, भाषा आणि मोबाईल की कॉम्प्युटर हे निवडून बघा. तिथेही दिसली नाही तर नेमका शोधशब्द, वेळ आणि स्क्रीनचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.