मुळा-मुठेतले मूळ मासे आणि बाहेरून आलेले भक्षक : पार्श्वभूमी

पुणे परिसरातल्या नद्यांमध्ये मुळात कोणते मासे होते, याची पहिली मोठी शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम सायक्स यांची आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरताना त्यांनी जमवलेल्या माशांची वर्णने १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेला दख्खनी महाशीर त्याच कामातून विज्ञानाला माहीत झाला. आज मंडईत आणि उजनीच्या काठावर सर्रास मिळणारी चिलापी त्या यादीत नाही, कारण ती देशात आली तीच त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तिच्यासारखे परके मासे आपल्या पाण्यात कसे शिरले आणि त्यांना आवर घालण्याचे प्रयत्न कुठवर पोचले, हे पाहिल्याशिवाय मूळ माशांच्या संरक्षणाची चर्चा अर्धवट राहते.

सुरुवात डासांपासून झाली. डासांच्या अळ्या खातो म्हणून गॅम्बुझिया हा अमेरिकी मासा १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आणला गेला. गप्पी हा छोटा मासाही डासांसाठीच, त्याच्याही आधी आला होता. हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळत, अशा काळात हा निर्णय घेणाऱ्यांना आज दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा अळ्यांवर थांबत नाही. तो इतर माशांची अंडी व पिल्ले आणि बेडकांची नुकतीच बाहेर पडलेली पिल्लेही खातो आणि आपल्यापेक्षा मोठ्या माशांचे पर कुरतडतो. चिलापी १९५२ मध्ये आली, ती स्वस्त अन्न म्हणून. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे उघड्यावर अंडी टाकणाऱ्या देशी माशांच्या तुलनेत तिची पिल्ले जास्त जगतात, शिवाय ती देशी माशांची अंडी आणि जिरेही (अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले) फस्त करते. १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंधने आली खरी, पण तोवर तिचे बीज, म्हणजे सोडायची लहान पिल्ले, अनेक तलावांत पोचले होते.

थाई मांगुराची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कोणत्याही सरकारी योजनेतून आला नाही. नावात थायलंड असले तरी मासा आफ्रिकेतला आहे, आणि १९९०च्या दशकात तो बांगलादेशाच्या बाजूने चोरट्या मार्गाने भारतात शिरला. अंगाला खवले नाहीत, डोके चपटे, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारे खास इंद्रिय असल्यामुळे तो गढूळ, सडक्या पाण्यातही तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. मासे, बेडूक, पाण्यावरच्या पक्ष्यांची पिल्ले, काहीही त्याला चालते, आणि वाढता वाढता तो मीटरभराहून लांब होतो. कोंबड्यांची आतडी आणि कत्तलखान्यातले टाकाऊ मांस घालून तो पोसता येत असल्याने पाळणाऱ्याला खर्च जवळजवळ नसतोच, आणि बंदी मोडण्याचा मोह इथूनच सुरू होतो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही शेततळ्यांत तो वाढतच राहिला, आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादाने लक्ष घातल्यावर मत्स्यव्यवसाय विभागाने राज्यात ठिकठिकाणी तळी नष्ट करण्याच्या मोहिमा घेतल्या. हे काम दिसते तितके सोपे नाही. तळ्याचा बांध ओढ्याच्या बाजूने फोडला, तर मासा मरण्याऐवजी थेट नदीत जातो. म्हणून पाणी उपसून, जाळे ओढून, एकूण एक मासा बाहेर काढून जमिनीत गाडावा लागतो, आणि चिखलात दडलेले राहिले तर ते पुढच्या पावसात पुन्हा वर येतात.

परका भक्षक मोकळ्या पाण्यात गेल्यावर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचे आहे. तिथे १९५०च्या दशकात नाईल पर्च सोडला गेला आणि पुढच्या काही दशकांत, इतर कारणांचीही भर पडून, सरोवरातल्या शेकडो स्थानिक जाती नाहीशा झाल्या. उलट दिशेची घटनाही नोंदलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत रोंडेगाट नदीच्या सुमारे ४ किलोमीटर पात्रातून २०१२ आणि २०१३ मध्ये रोटेनोन हे विष वापरून स्मॉलमाउथ बास हा परका शिकारी मासा काढून टाकण्यात आला, आणि वरच्या अंगाला टिकून असलेले स्थानिक मासे त्या पात्रात परतले. पण तिथे पात्र लहान होते आणि खालच्या बंधाऱ्यामुळे बास पुन्हा वर येऊ शकत नव्हता. रोटेनोन देशी-परका असा भेद करत नाही. शहराच्या मधून वाहत भीमेला आणि पुढे उजनीला मिळणाऱ्या मुळा-मुठेत तो उपाय करता येणार नाही.

परका म्हणजे परदेशी असेच नाही, हेही पुणे जिल्ह्यातच शिकायला मिळते. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकापासून महाशीराची कृत्रिम पैदास होऊ लागली, आणि दख्खनी महाशीर टिकवण्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे. मात्र त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, कावेरीतही सोडली गेली, तिथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महाशीर इतका मागे पडला की २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

धरणांच्या वर, सह्याद्रीतल्या ओढ्यांत आपले मूळ मासे अजून टिकून आहेत. तिथे बाहेरचे बीज जाऊ न देणे हाच खरा आवर आहे, आणि तो नदीत घालायचा नसून मत्स्यबीज केंद्रात, बोटुकली नेणाऱ्या टँकरमध्ये आणि मासळी बाजारात घालायचा आहे. गप्पी माशांचेही तेच. ते बंदिस्त टाकीत असेपर्यंत धोका कमी. विहिरी, ओढे आणि पुरात नदीला मिळणाऱ्या डबक्यांत ते सोडणे थांबायला हवे. तिथे अळ्या खाण्याचे काम डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले, ॲप्लोकायलस नावाचे छोटे देशी मासे करू शकतात, आणि त्यांची पैदास स्थानिक हौदांत करता येण्याजोगी आहे.