पऱ्हाटी तीनदा का आली?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलांना एकच अभ्यास दिला होता. घरातल्या आजी-आजोबांजवळ बसायचं आणि त्यांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द लिहून आणायचे. सात गावांतली मुलं, त्यामुळे सात याद्या. वावर, धुरा, बंडी, तिफन, पऱ्हाटी (म्हणजे कापसाचं झाड). कुणी फोनवर टाइप केलं, कुणी शाळेच्या संगणकावर. साध्या मजकुराच्या सात फायली तयार झाल्या, एकेकीत सुमारे ३०० शब्द. आता सातांची मिळून एक अकारविल्हे यादी हवी होती, आणि प्रत्येक शब्द एकदाच.

तालुक्याला चौकशी केली तर एका दुकानदाराने सांगितलं, ‘सर, याला एआयवालं सॉफ्टवेअर लागते, वर्षाची वर्गणी भरा.’ अशा वेळी फार वाईट वाटतं. ज्या शाळेत खडूचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे हे नाव सांगून पैसे मागितले जातात. १९७१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तिच्यातही सॉर्ट नावाची आज्ञा आहे. आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही तशीच, पण फुकट प्रणाली आहे, त्यात ती फुकट मिळते. काळ्या पडद्याचं टर्मिनल उघडायचं, सॉर्ट लिहायचं, पुढे फायलीचं नाव. शब्द ओळीने लागतात. आणि त्यापुढे उणे चिन्ह देऊन एम हे इंग्रजी अक्षर जोडलं की आधीच लावलेल्या फायली एकमेकींत मिसळतात.

या मिसळण्यावर माझा फार जीव आहे.

दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे टेबलावर आहेत असं समजा. दोन्ही हजेरी क्रमांकाने लावलेले, लहान क्रमांक वर. यांचा एक गठ्ठा करायचा तर संपूर्ण गठ्ठा चाळावा लागत नाही. फक्त वरच्या दोन उत्तरपत्रिका बघायच्या, लहान क्रमांकाची उचलून पालथी ठेवायची, तिच्या खालची आपोआप वर येते. पुन्हा दोनच बघायच्या. हे चालतं, कारण प्रत्येक गठ्ठ्यात वरच्याखाली जे काही आहे ते वरच्यापेक्षा मोठंच आहे. म्हणजे उरलेल्या सगळ्यांत जी लहान, ती या दोन माथ्यांपैकीच एक असणार. खाली काय दडलंय याची काळजीच नाही.

आता हिशेब करू. ३०० शब्दांच्या दोन याद्या विस्कटलेल्या असत्या आणि सारखे शब्द शोधायला एकीतला प्रत्येक शब्द दुसरीतल्या प्रत्येकाशी ताडला असता, तर ९०,००० तुलना झाल्या असत्या. लावलेल्या याद्या मिसळायला जास्तीत जास्त ५९९ पुरतात. शिवाय सारखे शब्द शेजारीशेजारीच येतात, त्यामुळे नुकताच ठेवलेला शब्द तेवढा आठवला तरी दुबार शब्द गाळता येतात. त्यासाठी यू अक्षराची खूण आहे. सात फायली असल्या तर सात माथे, बाकी रीत तीच. फाईल कितीही लांब असो, एका वेळी प्रत्येकीची एकच ओळ हाताशी लागते.

याच युक्तीने विस्कटलेली यादीही लावता येते. ही रीत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडली. एकाच शब्दाची यादी ही लावलेलीच असते, नाही का? मग एक-एक मिसळून दोनाच्या याद्या करा, दोन-दोन मिसळून चाराच्या, चार-चार मिसळून आठाच्या. ३०० शब्दांना नऊ फेऱ्या होतात, कारण नऊ वेळा दुप्पट केलं की ५१२ येतात. फाईल मेमरीत मावत नसेल तर सॉर्ट तिचे तुकडे करतं, एकेक तुकडा लावून डिस्कवर ठेवतं आणि शेवटी तुकडे मिसळतं. लिनक्सवर नेहमी मिळणारं, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं सॉर्ट एरवी एका दमात १६ तुकडे घेतं.

पण मिसळणारी आज्ञा विश्वासावर चालते. याद्या खरंच लावलेल्या आहेत का हे ती तपासत नाही. आमच्या एका गटाने यादी हाताने, शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे लावली होती: खुरपं, वावर, हळद आणि शेवटी सातबाऱ्यावरचं क्षेत्र. दुसऱ्या गटाची यादी संगणकाने संकेतांकांप्रमाणे, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला दिलेल्या ठरावीक क्रमांकाप्रमाणे, लावली होती. त्याच्या लेखी क्ष हे वेगळं अक्षर नाही, तो क, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि ष आहे. त्यामुळे तिथे क्षेत्र खुरप्याच्या आधी. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबरच होत्या, पण मिसळल्यावर क्षेत्र दोनदा आलं, एकदा वर आणि एकदा तळाशी. कसलीही चूक पडद्यावर दिसली नाही. तेव्हापासून मिसळण्याआधी सगळ्या फायली एकाच संगणकावर, एकाच क्रमाने पुन्हा लावायच्या आणि सी अक्षराच्या खुणेने तपासायच्या, असं ठरवलं.

तरीही आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, पऱ्हाटी तीनदा आली.’

एक परातीच्या आधी होती, दोन नंतर. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारख्या. संगणक शब्दाचं चित्र बघत नाही, त्यामागचे बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, बघतो. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत या शब्दातला प्रत्येक संकेतांक तीन बाइटांचा असतो. पहिल्या लिखाणात ऱ हा स्वतंत्र संकेतांक होता: सात संकेतांक, २१ बाइट. दुसऱ्यात साध्या र ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला होता: २४ बाइट. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह होतं: तेही २४. पहिली दोन लिखाणं युनिकोडच्या, म्हणजे हे संकेतांक ठरवणाऱ्या मानकाच्या, नियमात समतुल्य धरली आहेत, त्यांना एका रूपात आणणारी तयार साधनं आहेत. तिसरं त्यात बसत नाही, ते आपल्यालाच शोधून बदलावं लागतं. आम्ही मजकूर शोधून बदलणाऱ्या सेड नावाच्या दुसऱ्या आज्ञेने सगळीकडे पहिलंच रूप केलं, पुन्हा लावलं, पुन्हा मिसळलं. पऱ्हाटी एक झाली. वऱ्हाडी, कऱ्हा, गाऱ्हाणंही मुलांनी लगेच शोधून पाहिले.

सांगणाऱ्यांची वयं मुलांनी देवनागरी आकड्यांत लिहिली होती, ती मात्र लागेनात. अंकांप्रमाणे लावायला सांगितलं की सॉर्ट १, २, ३ असे आकडे इंग्रजी लिपीतलेच ओळखतं. आमच्या लेखी ७२ वर्षांची आजी, त्याच्या लेखी शून्य. तेवढा रकाना बदलून घेतला.

डोळा आणि डोया, काळा आणि काया यांवर वर्गात बराच वाद झाला. अर्थ एकच आहे, मग एक ओळ गाळायची का? एका मुलाने घरी जाऊन आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘आमी त कायाच म्हनतो, बाप्पा.’ यादीत दोन्ही ओळी ठेवल्या आहेत. संकेतांकांच्या क्रमात य आधी येतो, म्हणून काया वर आहे आणि काळा तिच्या खाली.