आमच्याकडे कुणालाच पुरळ आलं नाही, मग लेबलवर एच३१७ कशाला?

आमच्या एक्सपोर्टवाल्या ग्राहकांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन हाच. पेंट बनवणारे असोत, ॲडहेसिव्हवाले असोत की कूलंटवाले, आम्ही केलेला एसडीएसचा (मालाच्या धोक्यांची माहिती देणाऱ्या सेफ्टी डेटा शीटचा) ड्राफ्ट हातात पडला की विचारतात, अहो माल साधा वॉटर-बेस्ड आहे, त्याच्यावर लाल चौकटीतलं उद्गारचिन्ह आणि एच३१७, म्हणजे ‘त्वचेला ॲलर्जी होऊ शकते’, असं का छापायचं, बायर बिचकेल ना. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय. हे वाचून फॉर्म्युला पाठवलात तर तुमचा आणि आमचा दोघांचाही वेळ वाचेल.

पहिलं म्हणजे जळजळ आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिनरने रोज हात धुतले तर कुणाचीही कातडी कोरडी पडते, चुरचुरते, ती झाली जळजळ, तिचा कोड एच३१५. ॲलर्जीचं तसं नसतं. केमिकलचा छोटासा रेणू कातडीच्या आत शिरतो, तिथल्या प्रोटीनला चिकटतो, शरीर त्याला परका समजतं आणि ते लक्षात ठेवतं. या पहिल्या फेरीत बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तेच केमिकल परत लागलं की एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाण्याचे फोड. बिब्ब्याचंच बघा ना, एकाच घरात एकाला बिब्बा उततो आणि दुसरा तोच बिब्बा हाताळून निवांत असतो, आणि उतणं म्हणजे खरोखरच ॲलर्जी आहे. त्यामुळे ‘इतकी वर्षं प्लांटमध्ये कुणाला काही झालं नाही’ हे खरं असलं तरी क्लासिफिकेशनला, म्हणजे लेबलवर कुठला धोका लिहायचा ते ठरवायला, पुरावा म्हणून चालत नाही. तुमचा माल वापरणारा तिकडचा पेंटर आधीच दुसऱ्या कशाने तरी ॲलर्जिक होऊन बसलेला असू शकतो, आणि एकदा झालेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यापायी सगळ्यात जास्त वेळ जातो. फॉर्म्युला येतो तेव्हा शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं ‘ॲडिटिव्हज, १ टक्क्यापेक्षा कमी’. विचारलं तर उत्तर येतं की एक टक्क्याच्या खाली दाखवायची गरज नाही. ॲलर्जीच्या बाबतीत हे चुकीचं आहे. युरोपच्या सीएलपी नियमात (केमिकलचं क्लासिफिकेशन, लेबल आणि पॅकिंग यांचा नियम) साधारण ॲलर्जी करणाऱ्या पदार्थाची मर्यादा, म्हणजे जिथून एच३१७ लागतं ते प्रमाण, १ टक्का आहे, तीव्र म्हणजे १ए कॅटेगरीवाल्याची ०.१ टक्का, पण काही पदार्थांना त्याहून कितीतरी कडक स्वतंत्र मर्यादा लावलेली आहे आणि तुमच्या डब्यातले प्रिझर्व्हेटिव्ह नेमके त्यातच येतात. एमआयटी, म्हणजे मेथिलआयसोथायाझोलिनोन, त्याची मर्यादा ०.००१५ टक्के, म्हणजे १५ पीपीएम (दहा लाखात १५ भाग). सीएमआयटी म्हणजे एमआयटीचाच क्लोरीनवाला भाऊ, सीएमआयटी-एमआयटीचं जे ३:१ मिश्रण मिळतं त्याचीही १५ पीपीएमच. बीआयटी (बेंझआयसोथायाझोलिनोन) या आणखी एका प्रिझर्व्हेटिव्हची आधी ५०० पीपीएम होती, १ सप्टेंबर २०२५ पासून ३६० झाली.

एवढी कडक का, तर मागे तसा इतिहास आहे. एमआयटी क्रीममध्ये, ओल्या वाइप्समध्ये सर्रास वापरायला लागले आणि युरोपात ॲलर्जीचे पेशंट इतके वाढले की २०१३ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संस्थेने त्याला वर्षाचा ॲलर्जन ठरवलं. २०१७ पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या कॉस्मेटिक्समध्ये त्याला बंदी आहे, आणि १ मे २०२० पासून पेंटसारख्या मालाला ही १५ पीपीएमची मर्यादा लागू आहे. नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसतं वावरूनही ॲलर्जिक माणसाच्या चेहऱ्यावर पुरळ उठल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, तेव्हा हा नियम उगाच केलेला नाही.

एक हिशोब करून दाखवतो. समजा तुम्ही १.५ टक्के ॲक्टिव्ह (प्रत्यक्ष काम करणारं केमिकल) असलेलं सीएमआयटी-एमआयटीचं बायोसाईड, म्हणजे जंतू मारणारं प्रिझर्व्हेटिव्ह, ०.०७ टक्के टाकता. म्हणजे मालात झालं १०.५ पीपीएम, १५ च्या आत, तुम्ही खूश. पण तुमच्या पेंटमध्ये ४० टक्के ॲक्रिलिक इमल्शन आहे, आणि ते ड्रममध्ये नासू नये म्हणून सप्लायरने त्यात तेच सीएमआयटी-एमआयटी १४ पीपीएम आधीच टाकलेलं आहे. त्याचे आले ५.६. बेरीज १६.१ पीपीएम, लागलं एच३१७! हे ५.६ तुमच्या फॉर्म्युला शीटवर कुठेच नसतात, आणि थिकनर नि पिगमेंट पेस्टमध्येही असंच लपलेलं असू शकतं. शोधायचं कसं, तर सप्लायरकडून युरोपियन एसडीएस मागवा आणि सेक्शन २ मध्ये ‘यात अमुक आहे, ॲलर्जिक रिॲक्शन येऊ शकते’ अशी ओळ आहे का बघा. तिचा कोड ईयूएच२०८, आणि ती मर्यादेच्या दहाव्या हिश्शापासून म्हणजे इथे १.५ पीपीएमपासूनच लागते, त्यामुळे इमल्शनवर स्वतःचं एच३१७ नसलं तरी ही ओळ सापडते. आणि हो, बरोबर १५ आलं तरी एच३१७ लागतंच, कारण नियमात ‘१५ किंवा जास्त’ असं आहे.

काही जण उलटी चूक करतात, एमआयटी आणि बीआयटीची एकमेकांत बेरीज करून घाबरतात. तशी बेरीज करायची नसते. एकच पदार्थ दोन वाटांनी आला तर बेरीज, वेगवेगळे पदार्थ असतील तर ज्याची त्याची मर्यादा.

टेस्ट करून घेऊ का, असंही विचारतात. मिक्श्चरसाठी सहसा गरज पडत नाही, घटकांचं क्लासिफिकेशन आणि टक्केवारी यावरूनच काम होतं. नवीन पदार्थ असेल तर आता आधी प्राण्यांशिवायच्या टेस्ट बघतात, रेणू प्रोटीनला चिकटतो का, पेशी त्याला प्रतिसाद देतात का वगैरे, त्यांचे निकाल एकत्र कसे वाचायचे याची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची गाइडलाइन ४९७ ही २०२१ ची आहे. मात्र ‘आमच्या कामगारांच्या हाताला लावून बघतो आणि तसं लिहून देतो’ हे कृपा करून करू नका. क्लासिफिकेशनसाठी माणसांवर टेस्ट करायला सीएलपीमध्ये स्पष्ट मनाई आहे, आणि त्या नादात तुम्ही चांगल्या माणसाला जन्माची ॲलर्जी लावून ठेवाल.

पूर्ण फॉर्म्युला मागतो म्हणून काही जणांना आमचा राग येतो, ते समजू शकतो. पण आम्ही आधी गोपनीयतेचा करार सही करून देतो आणि एसडीएसवर नियमाला लागतं तेवढंच दाखवतो. एच३१७ काढून टाका म्हणालात तर ते मात्र होणार नाही, दुसरीकडे कुणी काढून देत असेल तरीही. एच३१७ लागलं की तो माल युरोपच्या पॉइझन सेंटरला (विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राला) कळवावा लागतो आणि डब्यावर फॉर्म्युला ओळखण्याचा यूएफआय कोड छापावा लागतो. ते न करता माल गेला आणि तिकडे पकडला गेला तर प्रत्येक डब्यावर त्या त्या देशाच्या भाषेत नवीन लेबल चिकटवायचा खर्च बायर तुमच्याच बिलातून कापतो, आमच्या फीच्या कितीतरी पट.

लेबल टाळायचंच असेल तर सरळ मार्ग आहे, फॉर्म्युल्याच्या स्टेजलाच आमच्याकडे या. कुठलं बायोसाईड किती खाली आणता येईल, कमी बायोसाईड असलेलं इमल्शन घेतलं तर काय होईल याचा पूर्ण हिशोब आम्ही मांडून देतो, पहिल्या मालासाठी त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त डोस आपल्या मनाने कापू नका. उन्हाळ्यात डब्याचं झाकण फुगून आतून कुजका वास आला की अख्खी बॅच जाते, त्यामुळे नवीन डोसवर माल टिकतो का हे मायक्रोबायोलॉजी लॅबमधून बघूनच घ्या.

पाठवताना प्रत्येक कच्च्या मालाचं ट्रेड नेम, टक्केवारी आणि सप्लायरचा एसडीएस पाठवा, तो शक्यतो गेल्या दोन वर्षांतला. बायोसाईडचं ॲक्टिव्ह किती टक्के ते वेगळं लिहा, नुसतं ‘०.१ टक्के टाकतो’ म्हटलं तर ते १.५ टक्केवालं आहे की १४ टक्केवालं हे आम्हाला कळत नाही आणि उत्तरात जवळजवळ दहापट फरक पडतो. माहीत नसेल तर ड्रमवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो व्हॉट्सॲपवर टाका, सप्लायरशी आम्हीच बोलून घेतो.